क्यूबलेटची इव्हेंट मर्यादा ० करावी का? ऑडिटरच्या एका शेऱ्यावर सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी, हर्णै आणि देवगड मिळून ७ नोडचं (म्हणजे सर्व्हरचं) एकच क्यूबरनेटिस क्लस्टर, म्हणजे कंटेनरमधले प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा; तिचा कारभार पाहणारं कंट्रोल प्लेन रत्नागिरीत. त्यावर मासळीच्या लिलावाच्या, बर्फाच्या आणि डिझेलच्या नोंदी चालतात. सुरक्षा ऑडिट झालं आणि अहवालात शेरा आला की प्रत्येक नोडवर क्यूबलेटची (नोडवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) इव्हेंट, म्हणजे घडामोडींच्या छोट्या नोंदी, नोंदवण्याची मर्यादा सेकंदाला ५ आहे, ती ० करा, म्हणजे एकही इव्हेंट निसटणार नाही. तुम्ही विचारता, करू का? आणि केलं तर पुढच्या खेपेला शेरा जाईल का?

शेरा कदाचित जाईल. इव्हेंट मात्र गळतच राहतील, कारण तुमच्याकडे ते गळतात ती जागा बहुधा ही नाहीच. ० लिहू नका. मर्यादा ५० आणि बर्स्ट (एका दमात जाऊ द्यायची संख्या) १०० असे आकडे क्यूबलेटच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्पष्ट लिहून टाका, आणि खरी मेहनत इव्हेंट नोडवरून निघाल्यानंतरच्या वाटेवर करा. असं का म्हणतो ते आता सांगतो.

शेऱ्याचं मूळ सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटीच्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे सुरक्षित सेटिंगच्या शिफारशींच्या यादीत आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ‘० किंवा योग्य पातळी’ असे शब्द होते. नव्यांत ० गाळला आहे आणि फक्त ‘इव्हेंट नीट टिपले जातील अशी पातळी’ एवढंच उरलं आहे. बेंचमार्क स्वतःच पुढे बजावतो की मर्यादा काढली तर इव्हेंटच्या लोंढ्याने सेवाच कोलमडू शकते, तेव्हा साठवणूक त्या मानाने वाढवा. ऑडिटर बहुतेक वेळा पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं राहून जातं. तपासणीची साधनंही फाइलमधला आकडा वाचून हिरवी खूण देतात. इव्हेंट खरोखर कुठवर पोचला, हे ती पाहत नाहीत.

आता ५ या आकड्याबद्दल. क्यूबरनेटिसच्या १.२७ आवृत्तीपासून क्यूबलेटची मूळ मर्यादा सेकंदाला ५० आणि बर्स्ट १०० आहे. त्याआधी ती ५ आणि १० होती. तुमच्याकडे ५ दिसतंय याचा अर्थ एक तर नोड १.२७ च्या आधीचे आहेत, किंवा जुन्या क्यूबएडीएमने (क्लस्टर उभं करण्याच्या साधनाने) लिहिलेली फाइल कुणीतरी प्रत्येक अपग्रेडमध्ये तशीच पुढे ओढत आणली आहे. पहिलं असेल तर इव्हेंट बाजूला ठेवा. त्या आवृत्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या मिळणं केव्हाच थांबलंय, आणि अहवालातला सर्वांत वरचा शेरा तो असायला हवा होता.

या दोन आकड्यांचं काम टोकन बकेटच्या पद्धतीने चालतं. बर्स्ट म्हणजे बादली केवढी, आणि क्यूपीएस (सेकंदाची मर्यादा) म्हणजे ती भरणारा नळ सेकंदाला किती सोडतो. नोड शांत असला की बादली भरलेली असते. एकदम ६० इव्हेंट आले तर १०० च्या बादलीतून ते तत्काळ निघून जातात, १० च्या बादलीतून पहिले १० जातात आणि बाकीचे नळाच्या धारेवर थांबतात.

थांबतात, लगेच फेकले जात नाहीत, हे इथे लक्षात घ्या. मर्यादा ओलांडली की इव्हेंट गेला अशी समजूत सर्रास आहे, ती चुकीची. क्यूबलेटच्या आत इव्हेंट पाठवण्यासाठी १,००० ची रांग असते. मर्यादा आडवी आली की ही रांग वाढते. ती भरली की मगच नवे इव्हेंट टाकून दिले जातात, आणि तशी ओळ क्यूबलेटच्या स्वतःच्या लॉगमध्ये उमटू शकते: रांगेत फार इव्हेंट, म्हणून हा सोडला. सेकंदाला ५ च्या धारेने भरलेली रांग रिकामी व्हायला २०० सेकंद लागतात, ५० च्या धारेने २०. म्हणजे मर्यादा कमी असण्याचा पहिला परिणाम उशीर हा असतो, नाश नंतर. तेव्हा आकड्याला हात लावण्याआधी सातही नोडवर जर्नलमध्ये (लिनक्सच्या लॉगमध्ये) ही ‘टाकून दिला’ ओळ शोधा. गेल्या महिनाभरात ती एकदाही सापडली नाही, तर ऑडिटरला वाटते ती गळती तुमच्याकडे झाली असण्याची शक्यता कमी.

उशीर मोजायची एक सोपी युक्ती आहे. क्यूबलेटच्या इव्हेंटमध्ये ‘पहिल्यांदा दिसला’ ही वेळ नोडवर टाकली जाते, आणि त्याच इव्हेंटच्या नोंदीची ‘तयार झाला’ ही वेळ एपीआय सर्व्हर (क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या घेणारा, रत्नागिरीतला) टाकतो. ज्या इव्हेंटची गणती (किती वेळा घडला ती) अजून १ आहे त्यांच्यात या दोन वेळांचा फरक काढा. एक-दोन सेकंद असेल तर सगळं ठीक. मिनिटांत गेला तर मध्ये कुठेतरी रांग लागली आहे. सगळ्या नोडची घड्याळं जुळलेली असणं ही अर्थातच पूर्वअट.

आता त्या ० कडे येऊ. क्यूबलेटच्या कॉन्फिग फाइलच्या अधिकृत वर्णनात ० म्हणजे मर्यादा नाही. त्याच क्यूबलेटच्या कमांड लाइनवरच्या फ्लॅगचं वर्णन वाचा, तर तिथे ० म्हणजे मूळ आकडा वापरला जाईल. आणि आत जी क्लायंट लायब्ररी प्रत्यक्ष धार सोडते, ती ० चा अर्थ ‘काहीच सांगितलेलं नाही’ असा घेऊन स्वतःचा मूळ आकडा लावते, आणि तो आहे ५. म्हणजे ऑडिटरचं ऐकून ० लिहिलं, अहवालात हिरवी खूण आली आणि नोड जिथे होता तिथेच राहिला, अशी गत होऊ शकते. ज्या आकड्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन निघतो तो सुरक्षेच्या फाइलमध्ये ठेवू नये, एवढंच कारण मला पुरेसं आहे.

समजा मर्यादा खरोखरच निघाली. तरीही पुढे दोन गाळण्या आहेत, आणि त्यांना क्यूबलेटच्या कुठल्याही सेटिंगमधून हात लावता येत नाही. पहिली एकत्रीकरणाची. एकाच ऑब्जेक्टबद्दल (उदाहरणार्थ एका पॉडबद्दल, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या संचाबद्दल), एकाच कारणाचे पण वेगवेगळ्या मजकुराचे इव्हेंट १० मिनिटांत १० च्या वर गेले की ते ‘सारख्या इव्हेंटमधून एकत्र केलेले’ असा मथळा लावून एकाच नोंदीत कोंबले जातात. मजकूर शेवटचा तेवढा टिकतो, मधले जातात. दुसरी गाळणी जास्त कडक. एका स्रोताकडून एका ऑब्जेक्टबद्दल सुरुवातीला २५ इव्हेंट जाऊ दिले जातात, त्यानंतर दर ५ मिनिटांना १. बाकीचे गुपचूप वगळले जातात. त्याची कुठेही तक्रार उमटत नाही, आणि गणतीचा आकडाही तेवढ्याच सवडीने ताजा होतो.

सुरक्षेच्या नजरेने याचा अर्थ लावा. कुणी देवगडच्या एका पॉडमध्ये घुसून तो पुन्हा पुन्हा पाडतोय. तुम्हाला २५ इव्हेंट दिसतील आणि मग ५ मिनिटांची टपटप. क्यूबलेटची मर्यादा ५ असो, ५० असो की अमर्याद, या चित्रात काडीचाही फरक पडत नाही. मर्यादेचा फरक पडतो तो एका नोडवरचे खूप वेगवेगळे पॉड एकाच वेळी बोलू लागतात तेव्हा.

आणि आपल्या किनाऱ्यावर हे कधी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वीज जाते, इन्व्हर्टर मान टाकतो, नोड बंद. वीज येते, नोड उठतो, सगळे पॉड एकदम सुरू होतात. प्रत्येकाची इमेज (कंटेनरचा साचा), व्हॉल्यूम, कंटेनर तयार, कंटेनर सुरू, प्रोब (तब्येतीची तपासणी) नापास, पुन्हा सुरू. पावसाळ्यात हे रात्रीतून तीनदा-चारदा झालं तरी कुणी चकित होत नाही. त्यात खाऱ्या हवेने गंजलेला नेटवर्कचा एखादा कनेक्टर असतोच, तो वाऱ्यासरशी जोडणी सोडतो आणि धरतो. अशा गोंधळाच्या अर्ध्या तासात एक अनोळखी इमेज ओढली गेली, तर ती ओळ शेकडो निरुपद्रवी ओळींच्या मागे रांगेत उभी असते. हल्लेखोराला दर्यावर काय चाललंय हे कळण्याचीही गरज नाही, गोंधळ त्याच्या आपोआप पथ्यावर पडतो. म्हणून ५ वरून ५० वर जाण्याला माझा पाठिंबा आहे, आणि तो बर्स्टसाठी जास्त आहे. नोड उठतानाचा पहिला झटका १०० ची बादली बऱ्यापैकी पचवते.

पण वीज जाण्याने होणारं खरं नुकसान वेगळंच आहे. ती १,००० ची रांग मेमरीत असते. नोड बंद पडला की रांगेतलं सगळं गेलं. आणि हर्णैचा नोड चालू आहे पण रत्नागिरीशी जोडणी तुटली असेल, तर क्यूबलेट एकच इव्हेंट १२ वेळा, दर वेळी साधारण १० सेकंद थांबून, पाठवायचा प्रयत्न करतो आणि मग तो सोडून पुढचा घेतो. तोवर मागे रांग वाढत असते. जोडणी तासाभराने परत आली आणि मधल्या काळात नोड धडधाकट राहिला तर बरेचसे इव्हेंट उशिरा का होईना पोचतात. मध्येच वीज गेली तर काहीच पोचत नाही. यातल्या कुठल्याही प्रकारात क्यूपीएसचा आकडा कामाचा नाही. (एकच क्लस्टर तीन बंदरांवर ताणून ठेवणं मला मुळातच पटत नाही. प्रत्येक बंदराचं छोटं स्वतंत्र क्लस्टर जास्त सुखाचं झालं असतं. असो, तो निर्णय झालेला दिसतो.)

यावर उपाय नोडवरच आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. क्यूबलेटच्या लॉगची पातळी ३ केली की तो प्रत्येक इव्हेंट एपीआय सर्व्हरकडे पाठवण्याबरोबर स्वतःच्या लॉगमध्येही लिहितो. ही वाट वर सांगितलेल्या दोन्ही गाळण्यांच्या अलीकडे फुटते, त्यामुळे इथे एकत्रीकरण नाही, २५ ची अट नाही आणि क्यूपीएसही नाही. कच्चा माल जसाच्या तसा. पातळी ३ ला क्यूबलेट इतरही बरंच बडबडतो, हे खरं. पण ७ नोडच्या क्लस्टरला ती बडबड परवडते.

मात्र मग जर्नल नीट हवं. सिस्टिमडीच्या जर्नलची स्वतःची मर्यादा आहे: मूळ सेटिंगमध्ये एका सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० ओळी, त्यापुढच्या दाबल्या जातात आणि ‘इतक्या ओळी दाबल्या’ अशी एक ओळ पडते. तुमच्या भाराला हा आकडा पुरेल. जर्नल डिस्कवर कायम ठेवलंय ना, हे त्याहून महत्त्वाचं. बऱ्याच आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये ‘व्हार’ खालच्या लॉगच्या डिरेक्टरीत जर्नलची डिरेक्टरी नसेल तर ते मेमरीत राहतं आणि वीज गेली की पुसलं जातं. आणि कायम ठेवलं तरी साध्या ओळी डिस्कवर पक्क्या करायचा मूळ अवधी ५ मिनिटांचा आहे. वीज गेल्याआधीची ती ५ मिनिटं तपासात सर्वांत मोलाची असतात. हर्णै आणि देवगडच्या नोडवर हा अवधी ३० सेकंदांवर आणा. डिस्कची थोडी झीज वाढेल, वाढू दे.

आता रत्नागिरीच्या बाजूला. इव्हेंट एपीआय सर्व्हरपर्यंत पोचला की तो एटसीडीत (क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये) जातो आणि मूळ सेटिंगनुसार १ तास राहतो. फक्त १ तास. रात्री २ वाजता काही घडलं आणि तुम्ही सकाळी ८ ला चहा घेऊन बसलात, तर क्लस्टरमध्ये त्याची खूणही नसते. ‘एकही इव्हेंट निसटणार नाही’ म्हणणाऱ्या अहवालात या एका तासाबद्दल अवाक्षर नसावं, याचं मला नवल वाटतं.

हा तास वाढवून २४ तास करावा असा मोह होतो. करू नका, निदान मुख्य एटसीडीवर तरी. कागदावरची कमाल मोजून बघा: ७ नोड, प्रत्येकी सेकंदाला ५० इव्हेंट, तासाचे १२,६०,०००. एक इव्हेंट १ किलोबाइटचा धरला तर सव्वा जीबीच्या घरात. एटसीडीचा मूळ कोटा २ जीबीचा. वर सांगितलेल्या गाळण्यांमुळे प्रत्यक्षात तुम्ही या कमालीच्या जवळपासही जाणार नाही, पण एका तासाच्या हिशेबाला जी जागा जेमतेम पुरते तिच्यावर दिवसाचा बोजा टाकणं शहाणपणाचं नाही. कोटा भरला की एटसीडी लिहिणं थांबवतो आणि मग नवा पॉडही चढत नाही. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने लिलाव बंद पडला, तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. इव्हेंट खरंच जास्त वेळ ठेवायचे असतील तर एपीआय सर्व्हरला इव्हेंटपुरता वेगळा एटसीडी देता येतो, तशी सोय आहे. ७ नोडना ती चैन आहे.

त्यापेक्षा इव्हेंट पोचल्या पोचल्या क्लस्टरबाहेर काढा. लॉग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या फ्लुएंट बिटमध्ये क्यूबरनेटिस इव्हेंट वाचणारा इनपुट आहे, ओपनटेलिमेट्रीच्या कलेक्टरमध्येही तशी सोय आहे, शिवाय फक्त याच कामाचे छोटे एक्स्पोर्टर मिळतात. कुठलाही घ्या, पण दोन गोष्टी तपासा. एक, तो फक्त नवे इव्हेंट घेतो की बदललेलेही घेतो? पुनरावृत्ती झालेला इव्हेंट नव्याने तयार होत नाही, जुन्यातली गणती वाढते. फक्त नवे घेणारा एक्स्पोर्टर ही वाढ पाहतच नाही. दोन, किती जुना इव्हेंट तो टाकून देतो? काही एक्स्पोर्टरमध्ये ही मर्यादा मुळात काही सेकंदांचीच असते. हर्णैहून २० मिनिटं उशिरा आलेले इव्हेंट, म्हणजे तुम्हाला जे हवेत तेच, तो ‘शिळे’ म्हणून फेकतो. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे: क्लस्टरमध्ये दिसलेले इव्हेंट लॉगच्या सर्व्हरवर सापडत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि क्यूबलेटने गाळलेला इव्हेंट क्लस्टरमध्येही दिसला नसता.

एपीआय सर्व्हरवर इव्हेंटच्या दराला आवर घालणारा एक ॲडमिशन प्लगइनही आहे. मूळ सेटिंगमध्ये तो बंद असतो. त्यात सर्व्हर, नेमस्पेस (क्लस्टरमधला कप्पा), युजर आणि स्रोत-ऑब्जेक्ट अशा चार पातळ्यांवर मर्यादा घालता येते. बेंचमार्कमध्ये तो चालू करण्याचीही शिफारस आहे, म्हणजे एकच दस्तऐवज नोडला मोकळं सोडायला सांगतो आणि सर्व्हरला आवरायला. यात विसंगती नाही. बिघडलेल्या एखाद्या घटकाने एटसीडी बुडवू नये हा त्यामागचा हेतू. पण लक्षात ठेवा, सर्व्हरने नकार दिलेला इव्हेंट क्यूबलेट पुन्हा पाठवत नाही, तो तिथेच संपतो. चालू केलात तर नेमस्पेसची मर्यादा घाला, आणि युजरची घालताना प्रत्येक नोड हा स्वतंत्र युजर असतो हे ध्यानात घेऊन ती क्यूबलेटच्या आकड्यापेक्षा वर ठेवा. नाहीतर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल.

आता थोडं कटू. सुरक्षेच्या देखरेखीसाठी इव्हेंट हा दुय्यम पुरावा आहे. कुणी पॉडमध्ये शिरून शेल उघडली, इव्हेंट नाही. कुणी सीक्रेट (क्लस्टरमध्ये ठेवलेला पासवर्ड वगैरे) वाचलं, इव्हेंट नाही. कुणी स्वतःला क्लस्टर ॲडमिनचा अधिकार बहाल केला, इव्हेंट नाही. इव्हेंट सांगतो तो परिणाम: अनोळखी रजिस्ट्रीवरून इमेज ओढली, कंटेनर मेमरी संपून मेला, नसलेलं सीक्रेट माउंट करायचा प्रयत्न झाला, पॉड हाकलला गेला. क्रिप्टो मायनर पकडायला हे उपयोगी पडतं, माहिती चोरणारा यात दिसत नाही. ‘कोणी, केव्हा, काय केलं’ हे एपीआय सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये असतं, आणि तो मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. तुमच्या पत्रात ऑडिट लॉगचा उल्लेख नाही. तो चालू नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तो चालू करा.

त्याचं धोरण लिहिताना सीक्रेट आणि कॉन्फिगमॅप (सेटिंगच्या नोंदी) फक्त मेटाडेटाच्या पातळीवर, म्हणजे मजकुराशिवाय नोंदवा, नाहीतर पासवर्डच लॉगमध्ये उतरतील. पॉडमध्ये शिरणं, अधिकारांचे बदल आणि सर्व्हिस अकाउंटचे टोकन यांची नोंद हवीच. आणि एक फट बुजवा. सगळीकडे फिरणाऱ्या नमुना धोरणांत ‘इव्हेंटच्या विनंत्या नोंदवू नका’ असा नियम असतो, गोंगाट कमी व्हावा म्हणून. पण आपल्या खुणा पुसायला इव्हेंटच डिलीट करणं ही हल्लेखोरांची ओळखीची चाल आहे, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये मांडलेल्या क्यूबरनेटिसच्या धोक्यांच्या तक्त्यातही ती आहे. नमुना धोरण तसंच उचललंत तर इव्हेंट पुसले गेले याचीही नोंद राहत नाही. धोरणात वरून पहिला जुळणारा नियम लागू होतो, म्हणून ‘इव्हेंट डिलीट केला तर मेटाडेटा नोंदवा’ हा नियम त्या वगळण्याच्या नियमाच्या वर ठेवा.

ऑडिट लॉग वेबहुकने (नेटवर्कवरून थेट दुसऱ्या सर्व्हरला) बाहेर पाठवत असाल तर तिथेही बफर आणि धार आहे: मूळ बफर १०,००० नोंदींचा, एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त ४००, सेकंदाला १० गठ्ठे. तुमच्या भाराला हे भरपूर आहे, पण समोरचा सर्व्हर बंद असेल तर बफर भरून नोंदी जातात. मी अशा ठिकाणी रत्नागिरीच्याच डिस्कवर फाइल लिहायला लावतो आणि फाइल वाचून पुढे पाठवतो. डिस्क अडली तर दिसतं, बफर भरला तर दिसत नाही.

ऑडिट लॉगमध्येही न येणारी एक वाट उरते. क्यूबलेटचं स्वतःचं एपीआय, पोर्ट १०२५०. तिथे थेट गेलेली विनंती एपीआय सर्व्हरला कळतच नाही. अनामिक प्रवेश बंद, अधिकार तपासणी वेबहुकने, आणि फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त कंट्रोल प्लेनसाठी उघडं, एवढं करा. बंदरावरच्या नोडना त्याच वायफायवर इतर दहा लोक जोडलेले असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लिनक्सच्या ऑडिटडीबद्दल (नोडवरच्या हालचाली टिपणाऱ्या सेवेबद्दल) तुम्ही शेवटी विचारलंय, तर थोडक्यात: ‘व्हार’ आणि ‘ईटीसी’ खालच्या क्यूबलेट व क्यूबरनेटिसच्या डिरेक्टरीतल्या लिखाणावर आणि कंटेनरडीच्या सॉकेटवर नियम लावा, बॅकलॉग ८१९२ ठेवा, स्थितीमधला ‘हरवले’ हा आकडा दररोज टिपा. तो वाढत असेल तर नियम कमी करा. नोंद हरवली तर कर्नलच पाडायची एक सेटिंग आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

नियमांची बाजू. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवायची आहेत. क्लस्टरमधला १ तास आणि हे १८० दिवस यांच्यातली दरी क्यूपीएसने भरत नाही. ती बाहेर काढून साठवण्यानेच भरते. आणि ६ तासांचं गणित इव्हेंट २० मिनिटं उशिरा आल्याने बिघडत नाही, तो सकाळपर्यंत कुणी न पाहिल्याने बिघडतं.

बदल करताना क्यूबएडीएमची एक खोड सांभाळा. क्यूब-सिस्टिम नेमस्पेसमधल्या क्यूबलेटच्या कॉन्फिगमॅपमध्ये आकडा बदलला म्हणून तो नोडवर आपोआप उतरत नाही. प्रत्येक नोडवर क्यूबएडीएमचा नोड अपग्रेडचा क्यूबलेट-कॉन्फिग हा टप्पा चालवून क्यूबलेट रीस्टार्ट करावा लागतो. चालू कंटेनर त्याने बंद पडत नाहीत, पण एका वेळी एकच नोड घ्या. नंतर फाइल उघडून समाधान मानू नका. एपीआय सर्व्हरच्या प्रॉक्सीमधून नोडचं कॉन्फिगझेड वाचा, तिथे क्यूबलेट खरोखर काय वापरतोय ते दिसतं. कमांड लाइनवरचा फ्लॅग फाइलवर मात करतो, आणि जुन्या सिस्टिमडीच्या जोडफाइलीत कुणीतरी कधीकाळी टाकलेला ‘इव्हेंट-क्यूपीएस’ तसाच बसलेला असू शकतो.

आधी आणि नंतरची मोजणी कधी करायची, यालाही महत्त्व आहे. मासेमारी बंदीचा काळ असतो १ जून ते ३१ जुलै. लिलाव बंद, म्हणून क्लस्टर शांत, आणि तुम्हाला वाटेल मोजायला हीच सवड. लिलावाच्या भाराचं चित्र यातून मिळणार नाही, हे खरं. पण इव्हेंटचा भार लिलावावर फारसा अवलंबून नसतो, तो पॉड किती वेळा उठतात-पडतात यावर असतो, आणि तसं पाहिलं तर याहून चांगला काळ नाही. जुलैमधली एक वादळी रात्र निवडा. त्या रात्री नोडनिहाय इव्हेंटची कमाल सेकंदागणिक संख्या, ‘टाकून दिला’ ओळी, वेळांमधला फरक आणि लॉगच्या सर्व्हरवर पोचलेली संख्या, असे चार आकडे घ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होड्या बाहेर पडल्या की तेच चार पुन्हा घ्या. ५० पुरत नाही असं त्यात दिसलं तर १०० करा, आणि त्या दिवशी एटसीडीचा आकारही तपासा. तुमच्या आकाराच्या क्लस्टरला तशी वेळ येईल असं मला वाटत नाही.

ऑडिटरला उत्तर देताना वाद घालू नका. त्यांच्याच बेंचमार्कच्या नव्या शब्दांत लिहा: मर्यादा ५० आणि बर्स्ट १०० अशी स्पष्ट ठेवली आहे, ही पातळी पुरेशी असल्याचा पुरावा म्हणून पावसाळी रात्रीची आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्याची मोजणी जोडली आहे, इव्हेंट क्लस्टरबाहेर १८० दिवस साठवले जातात, आणि मर्यादा ० ठेवण्याचा धोका बेंचमार्कच्याच परिणामांच्या परिच्छेदात नोंदलेला आहे. सोबत सातही नोडचं कॉन्फिगझेडचं आउटपुट लावा. ऑडिट लॉग नव्याने चालू केला असेल तर त्याची तारीखही त्यातच घाला, तो न विचारलेला शेरा तुम्ही आधीच मिटवलेला असेल.